तिघींची सर्दी

आमच्या चिमटीला सर्दी झाली ती नेमकी आम्ही तिच्याकडे पोचलो त्या शुक्रवारी संध्याकाळी. दार तिनेच उघडलं. नाक लाल, डोळ्यांना पाणी, एका हातात रुमाल आणि दुसरा हात आमच्या बॅगा घ्यायला पुढे. "या गं," म्हणाली आणि तिला अशी शिंक आली की समोरच्या फ्लॅटचं दार किलकिलं झालं. माझ्या मागून येणाऱ्या गोळीने बॅग उंबऱ्यातच टाकली. "झालं! आता तू जागची हलायचं नाहीस. दोन दिवस मी आहे," ती म्हणाली. चिमटीचा चेहरा उतरला. मला वाटलं, ताप असेल.

आधी आम्ही कोण ते सांगते, नाहीतर लोक म्हणतील, जन्मभर निबंध तपासले आणि स्वतःला एक गोष्ट धड सांगता येत नाही. मी हेडबाई. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले, पण नाव त्याआधीचं, वसतिगृहातलं. तिथे आम्ही तिघी एका खोलीत राहायचो, आणि कोणी कधी अंघोळीला जायचं हेसुद्धा मीच ठरवायचे. गोळी नवऱ्याबरोबर औषधाचं दुकान चालवते आणि स्वतः मेली तरी गोळी गिळत नाही. गिऱ्हाइकाच्या हातात पाकीट ठेवता ठेवता हळूच म्हणते, "त्यापेक्षा आलं चावा." नवरा कपाळावर हात मारून घेतो.

आणि चिमटी. वसतिगृहाच्या गच्चीवर सगळ्यांचे कपडे एका दोरीवर वाळायचे, सगळ्यांचे चिमटे एका डब्यात. फक्त हिने आपल्या दोन चिमट्यांना लाल दोरा गुंडाळून ठेवला होता. त्यांना कोणी हात लावलेला तिला खपायचा नाही. ते दोन चिमटे सोडले तर ती कुठल्या वस्तूला 'माझं' म्हणाल्याचं मला आठवत नाही.

पुढे ती ड्रायक्लीनिंगच्या दुकानात लागली ती अजून तिथेच आहे. काम एकच, डाग काढायचे. तिचं हत्यार म्हणजे नाक. कोट, साडी, पडदा, जे येईल ते आधी नाकाशी नेते आणि सांगते, हे तेल आहे, ही शाई, हा फळाचा रस आहे आणि बाईंनी घरी साबण चोळून त्याची वाट लावली आहे. घरीही तेच. दूध नासलं का, गॅस नीट बंद झाला का, कालची भाजी आज चालेल का, सगळ्याचा निकाल तिच्या नाकाकडे.

घर तिच्या भावाचं. पुतण्याचा जन्म झाला तेव्हा वहिनींच्या मदतीला म्हणून ती सहा महिन्यांसाठी आली. आता त्या पुतण्याला बाळ होणार आहे. मधला हिशेब तुम्हीच करा. पुतण्या बोलायला लागला तशी ती सगळ्यांची आत्या झाली. वहिनी आत्या म्हणतात, दूधवाला आत्या म्हणतो, आणि सख्खा मोठा भाऊसुद्धा आत्याच म्हणतो. झोपायला दिवाणखान्यातला सोफा. शेवटचा माणूस टीव्ही बंद करेपर्यंत तिने बसून राहायचं आणि पहिला माणूस चहाला उठला की चादरीची घडी घालायची. कपडे शिवणयंत्राच्या कपाटात, खालच्या कप्प्यात.

दादा-वहिनी वाईट आहेत असं मी म्हणणार नाही. वाईट असते तर सोपं होतं, भांडून निघता आलं असतं. ते तिला जेवल्याशिवाय झोपू देत नाहीत, तिच्या वाढदिवसाला न चुकता काहीतरी आणतात आणि ती जरा पायात चप्पल घालायला लागली की दोघं एकदम विचारतात, "कुठे चाललीस?" विचारण्यात काळजीच असते. पण माणूस चांगल्या लोकांत अडकला की सुटायला कारण सापडत नाही, आणि बिनकारणाचं सुटणं म्हणजे कृतघ्नपणा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, त्यातले बुक्के वजा करा. उरतं ते चिमटीचं आयुष्य.

आता खरी गोष्ट. चिमटीने एक खोली बघून ठेवली होती. बघून म्हणजे नुसती ऐकून. तिच्या दुकानात एक म्हातारे बाइंडर येतात, पुस्तकं बांधणारे. त्यांच्या बाह्यांवरचे खळीचे डाग तिच्याशिवाय कोणाकडून निघत नाहीत. त्यांच्या दुकानावरची एक खोली या शुक्रवारी रिकामी होणार होती. ते म्हणाले होते, "रविवारी दुपारी एकपर्यंत येऊन बघा आणि किल्ली घ्या. एकला मी मुलीकडे निघतो, महिनाभर येणार नाही. तुम्ही आला नाहीत तर जाताना शेजारच्या ट्रम्पेटवाल्याला देऊन टाकीन." पुढच्या महिन्यात पुतण्याची बायको बाळंतपणाला येणार होती. ती आली की चिमटी पुन्हा सहा महिन्यांसाठी अडकणार, आणि तिचे सहा महिने केवढे लांबतात ते तुम्ही पाहिलंतच. तेव्हा या रविवारी एकच्या आत किल्ली, नाहीतर कधीच नाही.

हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. तिने आम्हाला सांगितलं नाही, आणि योग्यच केलं. गोळी आणि वहिनी दर आठवड्याला तासभर फोनवर बोलतात. गोळीच्या कानात टाकलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत वहिनींच्या तोंडून बाहेर येते. आणि मला सांगितलं असतं तर मी लगेच बैठक घेऊन बाजूचे आणि विरोधाचे मुद्दे काढले असते. स्वभावाला औषध नाही. तिने शहर दाखवायच्या निमित्ताने आम्हाला त्या बाजूला न्यायचं आणि मध्येच दहा मिनिटं सटकायचं, असं मनाशी ठरवलं होतं. तिने सुचवलेला जुना पूल, संग्रहालय आणि चित्रांची गल्ली, या तिन्ही जागा एकमेकींना चिकटून का आहेत, हे माझ्यासारख्या हुशार बाईच्या डोक्यातही आलं नाही.

शुक्रवारी रात्रीपासून गोळीने स्वयंपाकघराचा ताबा घेतला. वहिनी तिला सामील. आल्याचा काढा, त्यावर मधात कालवलेली मिरपूड, त्यावर मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. चिमटी गुळण्या करत असताना दोघी बाथरूमच्या दारात उभ्या राहून, "अजून खालपर्यंत जाऊ दे पाणी," म्हणून सांगत होत्या. मग पातेल्यात उकळतं पाणी, त्यात निलगिरीचे थेंब आणि डोक्यावरून मोठा टॉवेल. "दहा मिनिटं बाहेर यायचं नाही," गोळी म्हणाली.

चिमटी वीस मिनिटं बाहेर आली नाही. पातेल्यातलं पाणी निवलं असेल तरी टॉवेलखाली ती तशीच वाकून बसलेली. नंतर तिने मला सांगितलं, "हेडबाई, त्या घरात एकटीने बसायला मला पहिल्यांदा जागा मिळाली गं." तेव्हा मात्र वहिनी कौतुकाने म्हणाल्या, "बघा, किती मनापासून घेतेय वाफ." आणि तिच्या टॉवेलच्या आत दुधाचं भांडं सरकवून विचारलं, "आत्या, जरा बघ गं, नासलंय का?" आतून उत्तर आलं, "वास येत नाहीये." वहिनींना काय करावं ते सुचेना. शेवटी त्यांनी दूध ओतून दिलं.

शनिवारची सकाळ काढ्यात आणि वाफेत गेली. माझा कार्यक्रम कोलमडत चालला होता आणि कार्यक्रम कोलमडला की माझं डोकं फिरतं. दुपारी मी आवाज चढवला तेव्हा कुठे आम्ही निघालो. गोळीने चिमटीच्या गळ्यात लसणाच्या पाकळ्यांची माळ घातली, वरून मफलर आवळला, आणि काढ्याचा थर्मास स्वतःच्या खांद्याला लावला. पुलावर वारा होता म्हणून गोळीने आम्हाला तिथे थांबू दिलं नाही. पूल मी धावत बघितला.

संग्रहालयाच्या पायऱ्यांवर चिमटी म्हणाली, "तुम्ही बघा आतून. मी इथे बाकावर उन्हात बसते." बाइंडरची गल्ली तिथून हाकेच्या अंतरावर. डाव बरोबर पडला होता.

"एकटी कशी बसशील?" गोळी म्हणाली. "मी बसते ना तुझ्याजवळ. मला कुठे कळतंय जुनं फुटकं सामान."

दोघी बाकावर. चिमटी म्हणाली, पाणी प्यायचंय, तर थर्मास पुढे आला. पाय मोकळे करून येते म्हणाली, तर गोळीही उठली. शेवटी बिचारी नाक मुठीत धरून माझ्यामागे आत आली, आणि तिच्यामागे गोळी. मी एका खोलीत बघत असताना दुसऱ्या दाराने निसटायचं तिच्या मनात होतं. ती दाराशी पोचलीही होती. पण काचेच्या जुन्या सुरयांच्या कपाटापाशी तिला शिंक आली. तिने ती दाबली, श्वास कोंडला, चेहरा लाल झाला, आणि मग ती शिंक अशी सुटली की पहारेकऱ्याने दोन्ही हातांनी कपाट धरलं.

"बस झालं!" गोळीने तिथल्या तिथे दादांना फोन लावला. दादा गाडी घेऊन लगेच हजर. माणूस तत्पर आहे, ते नाकारता येणार नाही. त्यांनी मागचं दार उघडलं आणि म्हणाले, "आत्या, बस. तब्येतीपेक्षा फिरणं मोठं आहे का?" गाडी त्या गल्लीच्या तोंडावरून गेली. चिमटी मान वळवून शेवटपर्यंत तिकडे बघत राहिली. गोळीला वाटलं मान आखडली, म्हणून घरी येईपर्यंत ती तिची मान चोळत होती.

रात्री तिने बाथरूमचा नळ सोडून बाइंडरना फोन केला, "उद्या नक्की येते," एवढंच घोगऱ्या आवाजात म्हणाली. बाहेर वहिनी दार ठोठावत होत्या, "आत्या, बरी आहेस ना? इतका वेळ काय करतेस?" झोपताना गोळीने तिच्या तळपायांना कांद्याच्या चकत्या लावून वर मोजे चढवले. आम्ही दोघी खाली गादीवर, ती सोफ्यावर, आणि खोलीभर कांदा आणि लसूण. फक्त तिला काही कळत नव्हतं. मला झोप येईना तेव्हा पाहिलं, तीही जागी होती, छताकडे बघत.

रविवारी सकाळी तिचा आवाज गेला. पूर्ण गेला. ओठ हलायचे आणि बाहेर नुसती हवा. रोगापेक्षा औषध भयंकर म्हणावं तर गोळी खवळली असती.

"आज कुठेही जायचं नाही," वहिनींनी जाहीर केलं. दादा म्हणाले, "तुम्हा दोघींना मी गाडीने सगळं दाखवून आणतो. आत्या आराम करेल." पुन्हा म्हणाले, "करेल ना आत्या?" त्यांना उत्तर नकोच होतं. चिमटीने मान हलवली, जोरजोरात, नाही म्हणून. वहिनी हसल्या, "बघा, लहान मुलासारखी करते." आणि तिच्या पायातले बूट त्यांनी स्वतः वाकून काढले. किती मायेने काढले! चिमटी आपल्या उघड्या पायांकडे बघत बसली. माझ्या वर्गात शाळा सुटल्यावर एखादं मूल न्यायला कोणी आलं नाही की असं बसायचं. मला कसंतरीच झालं, पण का ते कळलं नाही.

मग ती स्वतःहून उठली, पाणी उकळलं, टॉवेल घेतला आणि वाफ घ्यायला बसली. आम्ही चौघं बाहेर चहा पीत तिच्याबद्दलच बोलत होतो. ती टॉवेलमधून बाहेर आली तेव्हा चेहरा लालबुंद. तिने तोंड पुसलं, बूट घातले, पर्स घेतली, माझ्यासमोर उभी राहिली आणि माझ्या मनगटावरच्या घड्याळावर दोनदा बोट ठेवलं.

मला खोलीबिलीचं काही माहीत नव्हतं. पण चित्रांची गल्ली राहिली होती, आणि मोडलेला कार्यक्रम मला सहन होत नाही. मी उभी राहिले. "ठरल्याप्रमाणे तिघी जाऊ. बसने. ही बसून राहील. वहिनी, मी जबाबदार," मी शाळेतल्या आवाजात सांगितलं. त्या आवाजापुढे अजून तरी कोणी बोललेलं नाही. दादा एवढंच म्हणाले, "एक वाजता मी गाडी घेऊन संग्रहालयापाशी उभा राहतो."

बस अर्ध्या वाटेत अडकली. कसलीशी धावण्याची शर्यत होती, रस्ता बंद, समोरून नंबर लावलेली माणसं घामाघूम पळत चाललेली. खिडक्या बंद, दारं बंद. चिमटी उठली आणि दाराशी जाऊन काचेवर तळहात मारायला लागली.

"बाई, इथे स्टॉप नाही," चालक म्हणाला. "नियम आहे. बसा."

तिने ओठ हलवले. आवाज नाही. पुन्हा काच वाजवली. लोक बघायला लागले. मी म्हटलं, "चिमटे, काय चाललंय? बस खाली." तिने माझ्याकडे असं पाहिलं की माझी शाळा तिथेच सुटली. तिच्या डोळ्यांतलं पाणी सर्दीचं नव्हतं. बाहेर कोणीही पळत होतं आणि ती आत कोंडलेली.

मग तिला शिंक आली. या वेळी तिने ती दाबली नाही. वळली आणि चालकाच्या दिशेने शिंकली. एकदा, दोनदा, मफलर सुटला, लसणाची माळ बाहेर आली, आणि लसणाचा असा काही भपका पसरला की पुढच्या बाकावरचे लोक मागे सरकले. चालकाने हाताने नाक धरलं. "उतरा बाई, उतरा एकदाच! नियम गेला खड्ड्यात!"

दार उघडलं. चिमटी शर्यतीतल्या माणसांमधून पळत सुटली. वयाचा विचार नाही, कशाचा नाही. मागून मी, माझ्यामागे थर्मास सांभाळत गोळी. पळता पळता तिने फोन काढला. "दादा, या हो लवकर, ही वेड्यासारखी पळतेय, संग्रहालयाजवळच्या गल्लीत शिरली!" ती ओरडत होती.

बाइंडर शटर अर्धं ओढून उभे होते, पायाशी सुटकेस. "आलात? मी निघालोच होतो," ते म्हणाले आणि धापा टाकणाऱ्या आम्हा दोघींना सांगितलं, "यांना वरची खोली बघायचीय. राहायला."

मी गोळीकडे पाहिलं. गोळीचा चेहरा पडला. "मला बोलली नाही," ती हळूच म्हणाली. "इतक्या वर्षांत मला बोलली नाही." चिमटी तोवर जिना चढून गेली होती.

खोली लहान. एक खाट, एक टेबल, कोपऱ्यात नळ आणि ओटा. मागच्या बाजूला मोठी खिडकी, आणि खिडकीबाहेर कपडे वाळत घालायची एक दोरी, रिकामी. चिमटी त्या दोरीकडे बघत उभी राहिली. मग तिने बाइंडरांपुढे हात पसरला आणि त्यांनी किल्ली त्यात ठेवली.

मला वास पहिल्या पायरीपासूनच येत होता. ओल. खिडकीखालची भिंत फुगली होती, रंगाचे पोपडे सुटले होते, आणि कुबट वास नाकात बसत होता. मी गोळीकडे पाहिलं. तिच्या नाकपुड्या फुगल्या, तोंड उघडलं. सर्दीच्या माणसाने ओलीत राहायचं! तिच्या आयुष्यभराच्या शिकवणीच्या विरुद्ध होतं ते. आता ही बोलणार, आणि एकदा बोलली की झालं.

तेवढ्यात दादा जिन्यावरून वर आले. दारात थांबले, खोली बघितली, बहिणीच्या हातातली किल्ली बघितली. माणसाला कळायला वेळ लागत नाही. त्यांनी किल्लीकडे बोट केलं. "ही काय भानगड? तू इथे राहणार? काय कमी केलं गं आम्ही?"

चिमटीने तोंड उघडलं. कित्येक वर्षांचं उत्तर तिच्याकडे असणार, पण आवाजच नव्हता. मला वाटलं मीच काहीतरी बोलावं, पण ते माझं उत्तर झालं असतं.

"आणि खोली तरी कसली!" दादांनी नाकाला रुमाल लावला. "ओल आहे नुसती. केवढा वास येतोय! तुला येत नाहीये आत्ता म्हणून. तुझं नाक चालत असतं ना, तर खालच्या पायरीवरूनच परत फिरली असतीस. सांग, नसतीस फिरली?"

हे मात्र खरं होतं, आणि चिमटीलाही ते पटलेलं दिसलं. तिने भिंतीकडे पाहिलं, जोरात श्वास ओढून पाहिला, नाक चोंदलेलंच. आयुष्यभर तिने दुसऱ्या कशावर भरवसा ठेवला नव्हता. किल्लीचा हात खाली आला. ती वळली आणि आमच्याकडे बघितलं. ओठ हलले. 'येतो का गं?'

"विचार ना त्यांना," दादा म्हणाले. "तुम्हीच सांगा हो. येतोय की नाही वास?" आणि ते गोळीकडे वळले, कारण गोळी त्यांच्या पक्षाची.

गोळीने थर्मास खाली ठेवला. पदराने नाक पुसलं. कोरडं ठणठणीत नाक, पण चांगलं घसघशीत पुसलं.

"मला कसला वास येतोय, दादा," ती म्हणाली. "माझं नाक सकाळपासून बंद आहे. हिचीच सर्दी लागली मला."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी मुख्याध्यापिका. खोटं बोलणाऱ्या किती मुलांना मी वर्गाबाहेर उभं केलंय.

"मलाही," मी म्हटलं, आणि शिंकायचा प्रयत्न केला. शिंक काही खास जमली नाही.

दादा शेवटची आशा म्हणून बाइंडरांकडे वळले. ते म्हणाले, "मी जन्मभर खळीत हात घालून बसलोय साहेब. मला काहीच येत नाही." ते बहुधा खरं बोलत होते.

चिमटी आमच्या दोघींकडे पुन्हा पुन्हा बघत होती. डाग हातात घेतल्यावर बघते तशी. मग ती पुढे आली. तिने दादांच्या कोटाची बाही नीट केली, त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि त्यांना हळूच दाराबाहेर नेलं. मग बाइंडरांना. मग मला. गोळीला तिने क्षणभर मिठी मारली आणि थर्माससकट तिलाही बाहेर काढलं. आम्ही चौघं जिन्याच्या चौकोनात दाटीवाटीने उभे. तिने दार लावलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

खाली रस्त्यावर शर्यतीत मागे राहिलेल्यांसाठी लोक टाळ्या वाजवत होते. दादा पायरीवर बसले. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "आत काय करत असेल?"

"काही नाही," गोळी म्हणाली.

"मग कडी कशाला?"

"काही करायला लागू नये म्हणून," गोळी म्हणाली, आणि या खेपेला तिने खरंच डोळे पुसले. आतून एक शिंक ऐकू आली, मोकळी, मोठी. दार काही उघडलं नाही.

त्या संध्याकाळी आम्ही दोघी आपापल्या गावी परतलो. वहिनी निरोप द्यायला दारात आल्या नाहीत. दुसऱ्या खोलीतून त्यांच्या रडण्याचा आवाज येत होता. खोटं कशाला बोलू, मला त्यांचीही दया आली. वहिनी आणि गोळी अजून फोनवर बोलतात की नाही, मी विचारलं नाही. चिमटी महिन्याभरात सामान घेऊन तिकडे राहायला गेली असं कळलं, म्हणजे दोन पिशव्या. बाळ झालं, ती दुकान सुटल्यावर जाते, बाळाला घेते आणि परत येते. 'परत येते' हे मी मुद्दाम लिहितेय.

एकदा रविवारी सकाळी तिचा फोन आला. पाठीमागे कोणीतरी ट्रम्पेट वाजवत होतं. "शेजारी आहे तो. वाजवू दे, मला कुठे उठायचंय," ती म्हणाली. मग म्हणाली, "हेडबाई, खोलीत ओल आहे गं. खिडकीखाली."

"कधी कळलं?"

"तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी. नाक उघडलं. सामान हलवायच्या कितीतरी आधी."

"आणि तरी गेलीस?"

"डाग काढायचंच काम करते ना मी? भिंत खरवडलीय, निम्मी वाळलीसुद्धा. बाहेरच्या दोरीवर लाल दोऱ्याचे चिमटे लावलेत, आता याल तेव्हा बघा." ती थांबली. मला तिच्या श्वासाचा आवाज ऐकू येत होता, स्वच्छ, दोन्ही नाकपुड्यांतून. "ते जाऊ दे. मी दुसरंच विचारायला फोन केला होता."

"काय?"

"तुम्हा दोघींची सर्दी बरी झाली का?"